गाडीतली शिट्टी

१० मार्च, सोमवार

ही वही सोनालीने दिली. म्हणाली, "पप्पा, एकतीस वर्षं कापडाच्या ताक्यांची नोंद ठेवलीत, आता स्वतःची ठेवा." माझ्यात नोंद ठेवण्यासारखं काय आहे ते तिलाच माहीत. पण लेकीने दिलेली वही कोरी ठेवणं बरं दिसत नाही.

तर नोंद अशी. जानेवारीत शेठने जुने माग भंगारात काढले आणि आम्हा जुन्या कारीगरांना घरी पाठवलं. मिळालेल्या पैशातून मी एक जुनी इको गाडी घेतली. इथल्या लिंबायत वस्तीतली आपली खानदेशी माणसं लग्नाला, दहाव्याला, दवाखान्याच्या कामाला गावी जातात, त्यांना साक्रीपर्यंत न्यायचं आणि आणायचं. माझा मागावरचा जोडीदार काशिनाथ चहाच्या टपरीवर बसून पॅसेंजर जमवतो. धंदा बसला तर सचिन भागातल्या एखाद्या कारखान्याच्या गेटवर काठी घेऊन उभं राहावं लागेल. या वयात येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम ठोकणं मला जमणार नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सगळा खानदेश गावाकडे निघतो. तोपर्यंत गाडीचं नाव व्हायला हवं.

गाडी गुणी आहे, पण दोन खोडी आहेत. एक म्हणजे तिच्यात बसलं की माणसं मुकी होतात. चार-साडेचार तास मागे कोणी चकार शब्द काढत नाही, सगळे मोबाइलमध्ये. पूर्वी आपली माणसं प्रवासात किती बोलायची. दुसरी खोड शिट्टीची. इंजिन चालू झालं की कुठूनतरी एक बारीक शिट्टी येते ती थेट साक्रीपर्यंत. मिस्त्रीला दाखवलं. त्याने बोनेटमध्ये डोकं घातलं, बाहेर काढलं, म्हणाला काही नाही. आजकालचे मिस्त्री असेच.

मी ठरवलं आहे, गाडीत चांगली साउंड सिस्टिम बसवायची. शिट्टी दबेल आणि लोकही खुलतील.

१२ मार्च, बुधवार

उधन्याला वाल्मिककडे गेलो. आमच्याच भागातला पोरगा, वडील माझ्या शेजारच्या मागावर होते. आता त्याचं गाड्यांच्या साउंडचं दुकान आहे. मला नाना म्हणतो.

मी एका मोठ्या खोक्याकडे बोट दाखवलं. वर हजार वॅट छापलेलं होतं. वाल्मिक हसला. "नाना, खोकावर लिखेल वॅट वाचू नका. आरएमएस देखा. ते खरं शे."

मला लगेच समजलं. ताक्यावर छापलेले मीटर वेगळे आणि टेबलावर घालून मोजलेले मीटर वेगळे. पोराने मला कापडाच्या भाषेत सांगितलं असतं तर एवढं बोलावंही लागलं नसतं.

पुढे त्याने सांगितलं की नुसते मोठे स्पीकर घेऊन उपयोग नाही, अँप म्हणजे अँप्लिफायर त्यांना पुरा पडला पाहिजे. कमी ताकदीचा अँप पिळला की आवाज फाटतो आणि आधी ट्वीटर जळतात. ट्वीटर म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, बाटलीच्या झाकणाएवढा. जाड आवाजाला मागे बेसची नळी. मला हे सगळं आवडलं. यंत्र म्हटलं की माझा जीव त्यात रमतो. कितीतरी दिवसांनी आज घरी येताना मी रिकामा माणूस नव्हतो.

१६ मार्च, रविवार

रंजनाला घेऊन दुकानात गेलो. घरात एवढी मोठी वस्तू येणार तर बायकोने पाहिलेली बरी.

वाल्मिकने स्पीकरच्या तीन जोड्या लावून दाखवल्या. तिन्ही मला एकाच रोगाच्या वाटल्या. ढोल घुमतो पण टाळ कुठे आहेत? पेटी वाजते पण बाईचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा. मी स्पष्ट सांगितलं, तुझ्या ट्वीटरमध्ये दम नाही. तो म्हणाला, एक तपासणी करू. त्याने फोनवरून एक आवाज सोडला, जाड सुरू होऊन बारीक होत जाणारा. "नाना, आयकू येनं बंद व्हयनं का हात वर करा."

आवाज वर चढला आणि संपला. मी हात वर केला. वाल्मिक मात्र फोनकडे बघत उभाच. मागे एक जोडपं आपल्या गाडीची वाट बघत होतं, त्यातल्या बाईने दोन्ही कानांत बोटं घातली. काही वाजत नसताना कानात बोटं घालणारी बाई मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. रंजनानेही पदर कानावर घेतला. एकीचं बघून दुसरी करते.

नंतर वाल्मिक डॅशबोर्डखाली डोकं घालून बराच वेळ काहीतरी सांगत होता आणि रंजना मान हलवत होती. तिला तारांतलं काय कळणार? घरी आल्यावर ती माझ्यासमोर उभी राहिली. तिची ही सवय चांगली आहे, काही सांगायचं असलं की समोर येते. म्हणाली, "वाल्मिक म्हने, एकदाव तुमना कान देखाडी ल्या."

मी म्हटलं, वाल्मिकला स्वतःचा माल चांगला देता येत नाही म्हणून गिऱ्हाइकाचे कान खराब. तुझं बोलणं मला ऐकू येतंय ना? मग झालं.

ती वळून भांडी घासायला बसली. घासताना तिचे खांदे हलत होते आणि जबडाही. पाठमोरी असली की पुटपुटते ती, जुनी खोड आहे.

१९ मार्च, बुधवार

सिस्टिम बसली! चार दारांना चार स्पीकर, समोर ट्वीटर, सीटखाली चार चॅनलचा अँप, मागे बेसची नळी. वाल्मिक आवाज मध्यावर ठेवत होता, मी पुढे नेला. ट्रेबल, म्हणजे बारीक आवाज, शेवटपर्यंत. तेव्हा कुठे टाळ ऐकू आले. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. गावातल्या भजनात टाळ असे वाजायचे ते मी विसरूनच गेलो होतो.

रंजना खाली उतरून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. लांबून कसं वाजतं ते बघत असावी.

२३ मार्च, रविवार

सिस्टिमसह पहिली फेरी. सात पॅसेंजर. बारडोलीपर्यंत लोक अगदी गप्प, मग मी आवाज वाढवला. आरशात बघितलं तर दोघांनी तोंडावर रुमाल घेतलेले. एसी नाही, धूळ येते.

प्रमिलाबाई म्हणून एक म्हातारी मागच्या सीटवर होती. व्याऱ्याच्या पुढे गाडी थांबवली तर ती उतरली आणि माझ्यासमोर येऊन हात नाचवून भांडायला लागली. तिला उलटी होत होती म्हणे, पण मी थांबलो नाही म्हणे. मग सांगायचं ना! तोंडात मिठाची गुळणी धरून बसतात आणि उतरल्यावर डोळे वटारतात. गाठोडं घेऊन ती सोनगडला एसटीत बसली. एका म्हातारीवर धंदा अडत नाही.

पण वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. तिची साडी खराब झाली होती.

२५ मार्च, मंगळवार

शिट्टी गेली नाही. उलट गाणं संपलं की जास्त जाणवते. वाल्मिक म्हणाला, कधीकधी अर्थिंग नीट नसलं की इंजिनाचा आवाज स्पीकरमध्ये येतो. त्याने अर्थिंगची तार काढून, पत्रा घासून, दुसरीकडे बसवली. शिट्टी आहे तशीच. तिसरीकडे बसवली. तरी आहे.

"नाना, आते तं इंजिन बंद शे."

"बंद आहे, पण वाजतेय. तुझा अँप बंद होत नाही, आतून पेटता राहतो."

त्याने अँपची तारच उपटून माझ्या हातात दिली. मी म्हटलं, अजून येते. तो माझ्याकडे बघत राहिला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही, चहा मागवला त्याने.

२९ मार्च, शनिवार

काशिनाथने चार पॅसेंजर दुसऱ्याच्या गाडीत बसवले. टपरीवर जाऊन मी जाब विचारला.

आम्ही दोघं समोरासमोर बसून बोलतो. मागांच्या खडखडाटात बोलता यायचं नाही, म्हणून कारखान्यात सगळा कारभार हातांनी आणि ओठांनी चालायचा. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला, पोटावर हात फिरवला की शेठ आला. ती सवय अजून आहे. टपरीवाला म्हणतो, तुम्ही दोघे बसलात की नाटक बघायला तिकीट लागत नाही.

काशिनाथ म्हणाला, "प्रमिलाबाईनी तुले तीनदा आवाज दिन्हा. सगळी गाडी वरडी. तू गाना वाढावस."

मी उठून आलो. तीस वर्षांचा जोडीदार, आणि एका म्हातारीचं ऐकून माझ्यावर उलटला. फार लागलं मला ते. आखाजीला एक महिना राहिला आणि बुकिंगच्या वहीत अजून दोनच नावं आहेत.

६ एप्रिल, रविवार

हे कसं लिहू?

सोनाली शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला राहते. तिला आणि स्नेहाला घेऊन आज आम्ही सगळे साक्रीला भाच्याच्या साखरपुड्याला निघालो होतो. स्नेहा म्हणजे माझी नात, दीड वर्षाची. मी वर जाऊन चहा घेतला, खाली आलो, सगळे बसले होते. मी रस्त्याकडे बघत, रिक्षा मागे येत होती ती पाहत, मागचं सरकतं दार ओढून लावलं.

दार पूर्ण लागेना. मी पुन्हा जोरात ओढलं.

मग वळून बघितलं. सोनालीचं तोंड उघडं होतं. एवढं उघडं तोंड मी तिचं लहानपणापासून कधी पाहिलं नव्हतं. स्नेहाची बोटं दारात होती.

दोन बोटं. एकाचं हाड चिरलंय, एकाचं नख गेलं, टाके पडले. डॉक्टर म्हणाले, लहान आहे, भरून येईल, बोट थोडं वाकडं राहू शकतं. जावई प्रवीण माझ्याशी बोलला नाही. बोलला असता तर काय बोलला असता?

सगळा दोष त्या सिस्टिमचा. मोठ्याने गाणं चालू नसतं तर सोनालीचं ओरडणं मला ऐकू आलं असतं. उद्या वाल्मिककडे जाऊन सगळं उपटून टाकतो. मीच घातलं, मीच काढतो.

८ एप्रिल, मंगळवार

कोसाडला गेलो. स्नेहा हाताला पांढरं बांधून खेळत होती. मला पाहून आली आणि मांडीवर बसली. मोठं माणूस आलं नसतं.

मी सोनालीला सांगितलं, सिस्टिम काढतोय. यापुढे गाडीत गाणं नाही. गाण्यामुळे हे झालं.

ती माझ्यासमोर खाली बसली. माझे दोन्ही हात धरले. तिला लहानपणापासून माहीत आहे, मला महत्त्वाचं सांगायचं तर समोर बसून, हळूहळू.

"पप्पा, गाणं बंद होतं."

मी म्हटलं, चालू होतं. मला ऐकू येत होतं.

"नव्हतं चालू. तुम्ही चहाला वर गेलात तेव्हा मी बॅग ठेवायला चावी घेतली होती. चावी माझ्याकडेच होती, पप्पा. गाडी बंद होती. मी तुमच्यापासून एवढ्या अंतरावर होते." तिने हात लांब करून दाखवला. हातभरही नाही.

मी स्नेहाच्या हातावरच्या पांढऱ्या पट्टीकडे बघितलं.

"मी चारदा ओरडले," ती म्हणाली. "समोरच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत आले."

९ एप्रिल, बुधवार

आज एकटा गाडीत बसलो. चावी घरी ठेवली. काचा वर. डोळे मिटले.

शिट्टी होती.

गाडीतून उतरून नाल्यापर्यंत चालत गेलो. शिट्टी होती. घरी आलो, गच्चीवर गेलो. तिथेही. मी रंजनाला नेहमी म्हणायचो, शेजारच्यांची पाण्याची मोटर रात्रंदिवस चालते. ती म्हणायची, हां, चालस. खाली जाऊन शेजाऱ्याला विचारलं. त्यांच्याकडे मोटरच नाही.

शिट्टी माझ्यात आहे. वाल्मिकच्या तारांत ती कधीच नव्हती. ज्या दिवशी त्याने अँपची तार माझ्या हातात दिली त्या दिवशी त्याला कळलं होतं. रंजनाला त्याच्या आधी कळलं होतं. त्या कानात बोटं घालणाऱ्या बाईलासुद्धा मिनिटभरात कळलं. मला तेवढं कळलं नाही. दोन महिने मी सात-सात माणसं मागे बसवून हायवेवर गाडी पळवली, आणि ती मुकी नव्हती.

लाज वाटते. लाजेपेक्षा भीती जास्त वाटते. प्रमिलाबाईंच्या जागी कोणाच्या छातीत दुखलं असतं तर?

१६ एप्रिल, बुधवार

कान तपासले. मयुरी नावाची मुलगी तपासते, सोनालीपेक्षाही लहान. काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. ऐकू आलं की दाबा. मी बटण दाबायला टपून बसलो होतो. काचेतून दिसत होतं की ती पलीकडून एकामागून एक आवाज सोडतेय. माझं बोट तसंच.

तिने कागदावर रेघ काढून दाखवली. डावीकडे सरळ, मग उजवीकडे कड्यावरून पडल्यासारखी खाली. म्हणाली, जाड आवाज तुम्हाला येतात. इथून पुढे टाळ, पक्षी, बायकांचे आणि मुलांचे आवाज, ते गेलेत. समोरच्याचे ओठ वाचून तुम्ही काम भागवता.

"मागावर किती वर्षं होता, काका?"

"एकतीस."

"कानात काही घालत होता?"

"कापसाचे बोळे. पहिले आठ दिवस. मग बाकीचे हसायला लागले."

तिने ते लिहून घेतलं. त्यात लिहिण्यासारखं काय होतं कोण जाणे. आमच्या खात्यात साठ कारीगर होते.

मग तिने एक वस्तू तळहातावर ठेवली, शेंगदाण्याएवढी. म्हणाली, यात माइक आहे, अँप्लिफायर आहे आणि स्पीकर आहे. गेलेलं परत येणार नाही, शिट्टीही पूर्ण जाणार नाही, पण मदत होईल. मी विचारलं, आरएमएस किती? ती गोंधळून हसली. महिनाभर मी अँप आणि स्पीकरच्या मागे होतो, आणि निवडायचा होता तो हा.

२३ एप्रिल, बुधवार

वाल्मिकने सगळं काढलं. दारांना भोकं राहिली, ती त्याने जाळी लावून झाकली. मी त्याच्यासमोर उभा राहून म्हटलं, चूक झाली. तो म्हणाला, "नाना, मना बाबा पन असाच व्हतात. त्यासनी कधी मानं नही."

काशिनाथकडे गेलो. मयुरीचा कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने कागद बघितला, मग इकडेतिकडे बघितलं आणि हातानेच विचारलं, कुठे तपासतात?

आखाजीच्या दोन्ही फेऱ्या प्रवीण चालवणार. सोनालीने त्याला तयार केलं. नावं भरली आहेत, प्रमिलाबाईंचंही आहे. मी त्यांच्या घरी जाऊन पाया पडलो. कानाच्या मशीनची सवय होऊन मयुरी बरं म्हणेपर्यंत मी स्टिअरिंगला हात लावणार नाही. त्यानंतरही दार मी लावणार नाही, कोणीतरी आतून लावेल.

२७ एप्रिल, रविवार

काल मशीन मिळालं. मयुरीने सांगितलं होतं, पहिले काही दिवस घरात घाला. आज सकाळी रंजना दळण आणायला गेली होती तेव्हा घातलं आणि खाटेवर बसलो.

सगळं कर्कश आहे. पिशवी चुरगळली की पत्रा वाजल्यासारखं. पंखा एवढा आवाज करतो हे मला माहीतच नव्हतं. शिट्टी आहे, पण मागे सरकली आहे. बाहेर काहीतरी चिवचिवलं, मी खिडकीशी गेलो, साधी चिमणी होती. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो.

रंजना आली. मी खिडकीकडे तोंड करून उभा, म्हणून तिला मशीन दिसलं नाही. तिने स्टोव्ह पेटवला, परात ओढली. मी वळून खाटेवर बसलो तर ती पाठमोरी पीठ मळत होती. आणि बोलायला लागली. पुटपुटणं नव्हतं ते. नेहमीच्या आवाजात, समोर कोणी बसलंय आणि ऐकतंय असं समजून बोलतात तसं.

"आज मनी कंबर गंज दुखी रायनी. परवा दवाखानामा गयथू. एकलीच. डाक्टर म्हने फोटो काढना पडी." मग पिठाला पाणी लावलं. "तुमना गाडीमा बसाले माले भेव लागस. पयला दिनपासून लागस. पन तुमले सांगू कसं, तुमी इतला खुश व्हतात."

मला वाटलं, गप्प राहावं. चोरून ऐकल्यासारखं वाटत होतं. पण कंबर दुखतेय आणि ती एकटी दवाखान्यात गेली, हे ऐकून गप्प कसा बसणार?

मी म्हटलं, "कवयपासून दुखी रायनी?"

तिचे हात परातीतच थांबले. हळूच वळली. माझ्या तोंडाकडे नाही, कानाकडे बघितलं तिने.

"आयकू उनं?"

"उनं."

मला वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही. पिठाचे हात मांडीवर ठेवून तशीच बसून राहिली, लुगड्याला पीठ लागलं तरी.

"मंग इतला वरीस," ती म्हणाली, "मी कोनासंगे बोलनू?"

 मी जवळ गेलो, समोर बसलो. म्हटलं, सांग, काय काय सांगितलंस ते पुन्हा सांग. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. दोनदा असं झालं. माझ्या तोंडासमोर तिला ते बोलता येईना. एवढ्या वर्षांत ती सवयच गेली होती.

मग मी उठलो. दाराकडे तोंड करून, तिच्याकडे पाठ करून बसलो.

"आते बोल," म्हटलं.

स्टोव्हचा आवाज येत होता. मग ती बोलू लागली.